रिजेक्ट पीस

“डॉक्टर, ह्यो पीस रिजेक्ट हाय,” अण्णा म्हणाले आणि आईच्या गुडघ्याचं चाललेलं बोलणं मध्येच थांबलं. डॉक्टरांच्या टेबलावर एक ट्रे होता. त्यात गुडघ्याच्या सांध्याचे दोन-तीन नमुने, प्लास्टिकचं मांडीचं हाड आणि खुब्यात बसवायचा एक धातूचा कप, अर्ध्या करवंटीएवढा, राखाडी. डॉक्टर आईला एक्सरे दाखवत होते, मी खर्चाचा आकडा मोबाईलमध्ये टिपत होतो आणि अण्णांनी कुणाला न विचारता तो कप उचलला होता. आधी खिडकीच्या उजेडात धरून फिरवला. मग बाहेरच्या अंगावरून अंगठा फिरवला, नखानं खरवडून बघितलं, टेबलाच्या कडेवर हलकेच वाजवून कानाशी नेला. कप बाहेरून गुळगुळीत नव्हताच. सगळीकडे बारीक भोकं, इडली मधोमध तोडल्यावर दिसते तशी. “सगळीकडनं ब्लोहोल आल्यात. वाळू वली असणार.” डॉक्टर हसले. त्यांच्या हसण्यात वाईट काही नव्हतं. मीही हसलो, आणि माझ्या हसण्यात होतं. “अण्णा, ठेवा ते खाली,” मी म्हणालो, लहान पोराला दुकानात म्हणावं तसं. डॉक्टर समजुतीनं म्हणाले, “काका, ती भोकं मुद्दाम ठेवलेली असतात. हाड आत शिरून वाढतं त्यांत.” अण्णांनी कप ट्रेमध्ये जिथला तिथे ठेवला, तोंड खाली करून, फौंड्रीच्या शॉपमध्ये ओतलेलं कास्टिंग ठेवतात तसा.

बागल चौक येईपर्यंत ते एक शब्द बोलले नाहीत. आईच बोलत होती, ऑपरेशन दिवाळीआधी की नंतर. मी आरशातून अण्णांकडे बघत होतो. ते उजव्या हाताच्या अंगठ्याचं टोक तर्जनीवर घासत होते. पुन्हा पुन्हा, जणू त्या पृष्ठभागाचा काही कण अजून चिकटलेला होता.

अण्णांनी कोल्हापूरच्या उद्यमनगरात आणि मग शिरोलीत मिळून अडतीस वर्षं फौंड्रीत मोल्डिंग केलं, म्हणजे वाळूचे साचे. आमच्या घरात ‘ब्लोहोल’ हा शब्द मी ‘ब्लॅकबोर्ड’च्या आधी शिकलो. वाळूत ओल जास्त राहिली, कोअर, म्हणजे साच्यातला वाळूचा गाभा, नीट भाजली गेली नाही, वायू जायला व्हेंटची भोकं मारायला कंटाळा केला, की ओतलेल्या रसात वायू अडकतो आणि लोखंड थिजताना त्याची पोकळी आतच राहून जाते. वाईट हे की ती वरून दिसत नाही. कास्टिंग फेटलिंगला घासून साफ होऊन, रंग लागून, गिऱ्हाइकाच्या मशिनशॉपला जातं, तिथे टूल पहिला कट घेतं आणि भोक उघडं पडतं. मग फोन येतो. तो फोन शॉपमध्ये आलेला असला तरी संध्याकाळी आमच्या घरात ऐकू यायचा. अण्णा सायकल भिंतीला टेकवून न बोलता नळाखाली हात धरायचे, कोळशाच्या भुकटीचं काळं पाणी मोरीत जायचं, आणि आई आम्हाला डोळ्यांनी सांगायची की आज अभ्यासाला बसा. काही ठिकाणी भोकात मेटल पुट्टी भरून वरून रंग मारायची रीत होती. अण्णांनी ती कधी केली नाही असं मी म्हणणार नाही. ते स्वतःही म्हणत नाहीत. “मालक म्हणला तर भरली,” एवढंच सांगतात, आणि विषय बदलतात.

मी फौंड्रीत गेलो नाही. मी फौंड्र्यांचे जीएसटी रिटर्न भरतो. माझ्यासाठी रिजेक्शन म्हणजे क्रेडिट नोट, टॅलीमधली एक ओळ.

आईचं ऑपरेशन दिवाळीनंतर झालं. दुसऱ्याच दिवशी फिजिओथेरपिस्ट मुलीनं तिला वॉकर देऊन उभं केलं. अण्णा “अगं सावकाश, सावकाश” करत मागे दोन्ही हात पसरून उभे, पडलीच तर झेलायला. डिस्चार्जच्या फाईलमध्ये एका कागदावर बारीक अक्षरांचे तीन-चार स्टिकर चिकटवलेले होते. कोणता भाग, कोणता आकार, लॉट नंबर. बिलाची पानं मी बघितली, तो कागद अण्णांनी. चष्मा कपाळावर चढवून, कागद नाकाशी नेऊन. “हीट नंबर दिलाय,” ते म्हणाले. हीट म्हणजे भट्टीत एका वेळी वितळवलेला रस. आवाजात पहिल्यांदाच जरा समाधान होतं. मग आपल्या जुन्या डायरीत, जिथे पूर्वी शिफ्ट आणि ओतलेल्या साच्यांची संख्या लिहायचे, तिथे त्यांनी आईच्या गुडघ्याचा लॉट नंबर उतरवून घेतला. पीस परत आला तर कुठल्या हीटचा ते कळायला नको? आई म्हणाली, “मी काय परत जातेय व्हय कारखान्यात?”

हॉस्पिटलच्या चार रात्री मी बाकड्यावर काढल्या, आणि झोप येत नव्हती म्हणून वाचत बसलो. सुरुवात त्या भोकांपासूनच केली. पण वाचता वाचता जे सापडत गेलं ते मला वाटलं होतं तसं नव्हतं. मला वाटायचं, शरीरात बसवायच्या धातूंचं शास्त्र म्हणजे पांढरे कोट, काचेच्या खोल्या, आणि आधी सिद्धान्त मग वस्तू. निघालं ते जवळजवळ उद्यमनगरच. खुब्याचा सांधा बदलण्याची आजची पद्धत ज्यानं घडवली त्या जॉन चार्नली नावाच्या इंग्रज सर्जननं आधी टेफ्लॉनचा कप वापरला होता. तव्यावरचा तोच टेफ्लॉन. घसरडा म्हणून छान वाटला, तीनशेच्या आसपास माणसांना बसवला, आणि दोन-चार वर्षांत तो झिजून त्याच्या भुकटीनं सांध्याभोवती सूज आणि गाठी झाल्या. चार्नलीनं ते रुग्ण पुन्हा टेबलावर घेतले. एवढंच नाही, टेफ्लॉन शरीरात काय करतं हे बघायला त्यानं त्याचा नमुना स्वतःच्या मांडीत घालून घेतला होता. आपला रिजेक्ट पीस आपल्याच अंगात.

आणि त्यातून सुटका कशी झाली? चार्नलीच्या वर्कशॉपात हॅरी क्रेव्हन नावाचा एक तंत्रज्ञ होता. एक विक्रेता दारावर आला. तो लँकेशायरच्या कापडगिरण्यांना मागाची प्लास्टिकची गिअर चाकं विकायचा. इचलकरंजीच्या माणसाला हे सांगायची गरज नाही की मागाचं चाक दिवसरात्र किती मार खातं. क्रेव्हननं त्या पॉलिथिलीनचा तुकडा ठेवून घेतला. चार्नलीनं तो हातात घेतला, अंगठ्याचं नख रुतवून बघितलं, आणि वेळ वाया घालवू नकोस असं सांगून निघून गेला. क्रेव्हननं ऐकलं नाही. साहेब परदेशी गेल्यावर त्यानं तो तुकडा झिजवायच्या यंत्रावर चढवला. तीन आठवडे रात्रंदिवस यंत्र फिरलं आणि एवढ्या वेळात पॉलिथिलीन जेवढं झिजलं, त्याहून जास्त टेफ्लॉन एका दिवसात झिजायचं. 1962 च्या नोव्हेंबरात ते पहिल्यांदा माणसाच्या खुब्यात बसलं. आज आईच्या गुडघ्यात दोन धातूंच्या मध्ये जी पांढरट चकती आहे ती त्याच घराण्यातली.

नख रुतवून बघणारा तो सर्जन मला चटकन आवडला. चुकला, पण नखानं बघून चुकला.

माझी भाची शिवाजी विद्यापीठात नॅनोसायन्सच्या विभागात शिकते. ती आईला बघायला आली तेव्हा मी तिला कपाची गोष्ट सांगितली, आजोबांची गंमत म्हणून. ती हसली नाही. म्हणाली, “मामा, भोकाचा साईजच तर सगळा प्रश्न आहे.” शंभर मायक्रॉनपेक्षा लहान भोक असेल तर रक्तवाहिनी आत जायला तयार होत नाही, हाड दारातच थबकतं. फार मोठं केलं तर धातूची जाळी कमकुवत होते. तीनशे ते सहाशे मायक्रॉन, म्हणजे साधारण चार-सहा केस शेजारी शेजारी ठेवल्यावर होतील तेवढी भोकं, आणि तीही एकमेकांत उघडणारी हवीत. बंद पोकळी उपयोगाची नाही, कारण तिच्यात कुणी जाऊ शकत नाही. तिनं इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली काढलेला एक फोटो मोबाईलवर दाखवला. राखाडी गुहा, गुहेच्या भिंतीला हात टेकून पसरलेली एक पेशी. अण्णा मागून बघत होते. “हे किती मोठं करून दाखवलंय?” त्यांनी विचारलं. तिनं सांगितलं. “मग बरोबर,” ते म्हणाले आणि आत गेले. काय बरोबर ते सांगितलं नाही.

टायटॅनियम आणि हाड यांची सोयरीक जुळली ती मुळात चुकूनच. 1952 मध्ये स्वीडनमध्ये पेर-इंगवार ब्रोनमार्क सशाच्या पायात टायटॅनियमची एक छोटी डबी बसवून हाडातलं रक्त वाहताना बघत होता. प्रयोग संपला, महागाची डबी काढून पुन्हा वापरायची म्हणून ओढली, तर निघेना. हाडानं ती धरून ठेवली होती. त्याच्या जागी आपण असतो तर बहुतेक शिव्या घालून सशाचा पाय फोडला असता. तो थबकला, आणि तेरा वर्षांनी, 1965 मध्ये, गोटेबोर्गमध्ये त्यानं एका माणसाच्या जबड्यात टायटॅनियमचे स्क्रू बसवून त्यावर दात उभे केले. तो माणूस 2006 मध्ये वारला तोवर ते दात चालू होते. टायटॅनियमवर हवेतच ऑक्साईडचा एक पापुद्रा धरतो, काही नॅनोमीटर जाडीचा, आणि शरीराला भेटतो तो हा पापुद्रा, धातू नव्हे. म्हणून ते त्याला परकं म्हणून वाळीत टाकत नाही. लोखंडावर गंज धरतो तेव्हा तो लोखंडच खातो. इथे गंजच राखण करतो. अण्णांना हे सांगितलं तर म्हणाले, “तांबेरा आन् पॉलिश ह्यात फरक असतोय लेका.”

पण नुसतं चिकटून भागत नाही, हे मला खूप उशिरा कळलं. हाडाला काम लागतं. गंगावेश तालमीत माझे चुलते जायचे. लहानपणी पहाटे त्यांच्याबरोबर गेलो की हौद्यातल्या तांबड्या मातीचा हळद-ताकाचा ओलसर वास नाकात बसायचा. वस्ताद नव्या पोरांना आधी डाव शिकवायचेच नाहीत. महिनेच्या महिने जोर, बैठका आणि माती उकरणं. “हाड तयार हू दे,” म्हणायचे. मला ते तेव्हा अडाणीपण वाटायचं. हाड काय तयार व्हायचंय, वाढतं ते स्नायू. पण 1892 मध्ये बर्लिनच्या युलिउस वोल्फ नावाच्या सर्जननं नेमकं वस्तादांचंच म्हणणं पुस्तकात लिहून ठेवलं होतं, की हाड आपल्यावर येणाऱ्या भाराप्रमाणे स्वतःला बदलत राहतं. भार काढला की ते झिजतं. अंतराळात राहणाऱ्या माणसांच्या खुब्याची घनता महिन्याला टक्का-दीड टक्का उतरते. आणि इथेच धातूची गंमत आहे. आपलं टणक हाड 10 ते 20 गिगापास्कल इतकं ताठ, टायटॅनियमचा मिश्रधातू 110 च्या घरात, कोबाल्ट-क्रोम 200 च्या वर. दोघं शेजारी उभे केले की सगळा भार ताठ गडी घेतो. शेजारचं हाड बिनकामाचं होतं आणि पातळ होत जातं, आणि मग ज्याला आधार म्हणून बसवलं त्याचाच पाया ढिला होतो. भरीव टायटॅनियम बसवण्याऐवजी जाळीदार बसवलं की ते लवचिक होतं, हाडाच्या जवळ येतं, आणि भार वाटून घेतं. म्हणजे ती भोकं दोन कामं करतात. हाडाला आत घेतात, आणि त्याला कामाला लावतात.

हे वाचलं त्या रात्री मला अण्णांची आठवण झाली ती वेगळ्याच कारणानं. आईला घरी आणल्यापासून ते तिला पाण्याचा तांब्यासुद्धा उचलू देत नाहीत. आणि मी त्यांना लाईटबिलसुद्धा भरू देत नाही.

असली जाळी साच्यात ओतता येत नाही. अण्णांनी जन्मभर वापरलेल्या कुठल्याच पद्धतीत ती बसत नाही, कारण एवढ्या बारीक, एकमेकांत शिरणाऱ्या पोकळ्यांची कोअर करणार कशी आणि काढणार कशी? म्हणून ती पावडरीतून उभी करतात. टायटॅनियमची पिठासारखी भुकटी, तिचा कागदाएवढा पातळ थर पसरायचा, निर्वात पेटीत इलेक्ट्रॉनचा झोत फिरवायचा, जिथे झोत पडेल तिथेच भुकटी वितळून जोडली जाते, मग वर दुसरा थर. काही ठिकाणी इलेक्ट्रॉनऐवजी लेसर. 2007 च्या सुमारास इटलीत अशा पद्धतीनं केलेले खुब्याचे कप माणसांना बसू लागले. त्याच्याही आधी टँटलम धातूचा फेस करून वापरत होते, त्यात तर तीन चतुर्थांश जागा रिकामी. अण्णांना मी मोबाईलवर त्याचा व्हिडिओ दाखवला. झोत पडतो, ठिणगी नाचते, थर खाली जातो. पाचेक मिनिटं बघून त्यांनी फक्त विचारलं, “रायझर न्हाई?” म्हणजे साच्यातला जादा रसाचा साठा. नाही. “रनर?” रस जायची वाट. नाही. “मग रस कमी पडला तर कुठनं येतोय?” रसच नसतो म्हटल्यावर त्यांनी मोबाईल परत दिला. मला त्यांच्या चेहऱ्यावर कौतुक दिसेल असं वाटलं होतं. होतं ते दुसरंच काहीतरी. बंद पडलेल्या क्युपोला भट्टीजवळून जाताना त्यांचा चेहरा असा होतो.

आईचा गुडघा मात्र त्यांच्याच जातीचा निघाला, आणि हे मी त्यांना मोठ्या आनंदानं सांगितलं. गुडघ्याचा वरचा कोबाल्ट-क्रोमचा भाग बहुतेक वेळा ओतीवच असतो. मेणाचा नमुना, त्यावर सिरॅमिकचे लेप, मेण वितळवून काढायचं आणि पोकळीत रस. देवाच्या पंचधातूच्या मूर्ती करतात तीच जात. “म्हंजे त्यात ब्लोहोल आला तर चालत न्हाई,” अण्णा म्हणाले. नाही चालत. “एक्सरे काढत असतील.” काढतात. मग ते आईच्या गुडघ्याकडे, त्यावरच्या लांबलचक टाक्यांच्या रेघेकडे बघत राहिले, आणि मला वाटलं, ह्या माणसाला पहिल्यांदा त्या गुडघ्याचा विश्वास आला.

मॅग्नेशियमची गोष्ट मी मुद्दाम राखून ठेवली होती. एसजी आयर्न, म्हणजे चिवट बीड, करताना लॅडलमध्ये, रसाच्या बादलीत, मॅग्नेशियमचा मसाला घालतात. त्याक्षणी शॉपभर असा पांढरा उजेड पडतो की भिंतीवरची जळमटं मोजता यावीत. लहानपणी डबा द्यायला गेलो की अण्णा माझे डोळे आपल्या हातानं झाकायचे, आणि त्यांच्या बोटांच्या फटीतूनही तो उजेड लाल होऊन यायचा. त्या मॅग्नेशियममुळे लोखंडातलं ग्राफाईट पापुद्र्यांऐवजी गोळ्यांच्या रूपात थिजतं आणि बिडाचा ठिसूळपणा जातो. पण दहा-पंधरा मिनिटांत ओतलं नाही तर मसाल्याचा जोर उतरतो. तर ह्याच मॅग्नेशियमचे स्क्रू आता हाडात बसवतात, आणि ते हाड जुळेपर्यंत धरून ठेवतात, मग हळूहळू विरघळून जातात. काढायला दुसरं ऑपरेशन नको. युरोपात 2013 मध्ये अशा स्क्रूला परवानगी मिळाली. कल्पना मात्र शंभर वर्षांपूर्वीची. बेल्जियमच्या लांबोत नावाच्या सर्जननं 1907 च्या आसपास मोडलेल्या पायाला मॅग्नेशियमची पट्टी पोलादी खिळ्यांनी ठोकली होती. दोन धातू शेजारी आले, आणि आठ दिवसांत पट्टी विरघळून कातडीखाली वायू फुगला. तो वायू हायड्रोजन. मॅग्नेशियम पाण्याला भेटलं की तो सुटतोच. अण्णा मोठ्यानं हसले. “म्हंजे माणसात ब्लोहोल!” बऱ्याच दिवसांनी ते असे हसले होते, आणि हसण्याचा शेवट खोकल्यात झाला.

तो खोकला जुना आहे. आईच्या ऑपरेशनच्या निमित्तानं त्यांचाही छातीचा एक्सरे काढून घेतला होता. डॉक्टरांनी तो उजेडावर धरला आणि विचारलं, “काका, वाळूत काम केलंत?” वरच्या भागात पांढरे बारीक ठिपके. सिलिकाची धूळ इतकी बारीक असते की फुप्फुसाच्या शेवटच्या पिशवीपर्यंत जाते, तिथून बाहेर पडत नाही, आणि शरीर तिच्याभोवती व्रण बांधत बसतं. त्यावर उलटा उपाय नाही. पुढे वाढू नये एवढंच बघायचं. फुप्फुस म्हणजे तरी काय, भोकांचीच वस्तू. हाडाला आत बोलावणारी भोकं शास्त्रज्ञ मायक्रॉन मोजून करतायत, आणि इकडे एका माणसाची देवानं दिलेली भोकं वाळूनं एकेक करून बुजली. त्याला मास्क कुणी दिला नाही असं नाही. दिला होता. त्यात श्वास कोंडायचा, भट्टीसमोर घामानं भिजायचा, आणि साच्यात फुंकर मारताना तो खाली ओढावाच लागायचा. हे त्यांनीच सांगितलं, जणू चूक त्यांचीच होती.

सगळं छान छान आहे असं मला मुळीच म्हणायचं नाही. धातूवर धातू घासणारे खुबे एकेकाळी मोठ्या दिमाखात आले होते, प्लास्टिक झिजतं म्हणून ते नकोच असं म्हणत. 2010 मध्ये त्यातला एक प्रकार जगभरातून परत मागवावा लागला, कारण ते खुबे अपेक्षेपेक्षा फार लवकर बदलावे लागत होते, आणि झिजलेल्या कोबाल्ट आणि क्रोमियमचे कण माणसांच्या रक्तात सापडू लागले होते. तोवर तो हजारो लोकांच्या अंगात गेला होता. कास्टिंग परत येतं तेव्हा टेम्पोतून येतं. हे परत कसं यायचं? पैशाचंही तसंच. 2017 च्या ऑगस्टमध्ये सरकारनं गुडघ्याच्या किमतीला मर्यादा घातली, कोबाल्ट-क्रोमच्या सांध्याला 54,720 रुपये, तोवर तोच सांधा दीड-दोन लाखांना लागायचा. मी माझ्या धंद्यामुळे बिलं वाचतो, तेव्हा एवढं कळतं की ज्या वस्तूची किंमत एका फटक्यात एक तृतीयांशावर येऊ शकते, तिच्या आधीच्या किमतीतही भरपूर भोकं होती. ती मात्र कुणाला आत घेण्यासाठी नव्हती.

आई तिसऱ्या आठवड्यात काठीवर चालायला लागली तेव्हा तिच्या बहिणीनं मटण केलं. पांढऱ्या रश्शाला हाडाचं पाणी लागतं आणि हाडाला हाडाचंच पाणी लागतं, असं आमच्याकडचं वैद्यक आहे. त्याच्याशी भांडण्यात अर्थ नाही, रस्सा गार होतो. जेवण संपत आलं तरी अण्णा ताटावरून उठेनात. त्यांनी नळी चोखून झालेली होती, आणि हाडाचं जाड टोक, सांध्याकडचं, पाट्यावरच्या वरवंट्यानं फोडून त्याचा मोडलेला भाग बल्बच्या उजेडात धरला होता. आईनं “पोरांसमोर काय हे” म्हटलं. त्यांनी ते हाड माझ्या हातात दिलं. आत घट्ट असं काही नव्हतंच. जाळी. बारीक काड्या, काड्यांच्या कमानी, कमानींत भोकं. माझ्या आयुष्यात मी शेकडो नळ्या फोडल्या असतील, आत बघितलं फक्त मगजासाठी. “वरनं आख्खं, आतनं ब्लोहोल,” अण्णा म्हणाले. “आन् बकरं नाचतंय ह्याच्यावर.”

1866 च्या सुमाराला झुरिकमध्ये असंच झालं होतं. मेयर नावाच्या शरीरशास्त्रज्ञानं मांडीच्या हाडाचा उभा काप मांडला होता, आणि कुलमान नावाचा इंजिनिअर, जो पूल आणि क्रेनची गणितं करायचा, तो बघायला आला. हाडातल्या त्या काड्यांच्या रेषा बघून तो चकित झाला, कारण वाकडी क्रेन भार पेलते तेव्हा ताण जिथून वाहतो, त्याच वाटांनी त्या काड्या गेल्या होत्या. म्हणजे हाड कळायला एका क्रेनवाल्याची गरज पडली. मी हे अण्णांना सांगणार होतो. पण ते हाड धुऊन, ब्रशनं घासून, खिडकीत उन्हाला ठेवायला उठले होते.

ते तिथे आठ-दहा दिवस होतं. मुंग्या आल्या, गेल्या. मग दिसेनासं झालं, मला वाटलं आईनं टाकलं.

तिसऱ्या महिन्याच्या तपासणीला आम्ही गेलो. आईनं गुडघा किती वाकतो ते दाखवलं, डॉक्टर खूश झाले, मीही झालो. ट्रे तिथेच होता. अण्णांनी शर्टाच्या खिशातून रुमालात गुंडाळलेलं ते हाड काढलं आणि कपाशेजारी टेबलावर ठेवलं. डॉक्टरांनी ते उचलून बघितलं, अगदी मनापासून. “बरोबर आहे काका. हेच करायचा प्रयत्न आहे.” अण्णांनी मान हलवली. मग कप उचलला. अंगठा फिरवला. ह्या वेळी मी गप्प होतो, पण हातातल्या फाईलची कड मी घट्ट धरली होती हे मला नंतर कळलं.

“भोकं मुद्दाम ठेवल्यात, हे पटलं,” अण्णा म्हणाले. “पर पावडरीत करतात न्हवं? मग भोकात न वितळलेली पावडर ऱ्हात असंल. आमच्याकडं सिलिंडर ब्लॉकच्या पाण्याच्या वाटंत कोअरची वाळू ऱ्हायली तर इंजिन जातंय. ही पावडर काढतंय कोण?”

डॉक्टर काही बोलले नाहीत. रात्री मी बघितलं, ह्या एका प्रश्नावर लोक निबंधांमागून निबंध लिहितायत. त्याच पावडरीचा हवेच्या दाबानं मारा करून बघतात, कंप देऊन बघतात, आम्लात धुऊन बघतात, मग सीटी स्कॅन काढून आत काय राहिलं ते शोधतात. पण हे रात्रीचं. त्या क्षणी डॉक्टरांनी अण्णांच्या हातून तो कप घेतला, खिडकीकडे धरून त्याच्या आरपार बघायचा प्रयत्न केला, मग तो उलटा करून टेबलावरच्या पांढऱ्या कागदावर दोनदा ठोकला आणि कागदावर वाकून बघितलं.

“ठोकून निघत न्हाई ते, डॉक्टर,” अण्णा म्हणाले.